मिठाच्या पाण्यातलं काळीज

"उडतंय! आक्काबाई, बगा, उडतंय तुमचं!"

पुढच्या रांगेतली कडूबाई ओरडली आणि मागची शंभरेक माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढं सरकली. बेलापूर रस्त्याला कारभारी पाटलांचं गुऱ्हाळ कित्येक वर्षं बंद पडून होतं. यंदा, म्हणजे नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, त्या शेडला चुना लागला, दारावर 'अवकाश हृदय संशोधन केंद्र' अशी पाटी चढली आणि जिथं पूर्वी काहिलीत रस उकळायचा, तिथं टेबलावर काचेची एक आडवी बरणी मोटारीवर सावकाश गोल फिरू लागली. बरणीत लालसर पाणी होतं. पाण्यात शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा होता आणि तो गोळा खरोखरच उडत होता. आकसायचा, फुलायचा, पुन्हा आकसायचा. मी तो दोन हातांवरून पाहिला आहे. माझ्याही अंगावर काटा आला होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

टेबलामागं पांढरा कोट घालून प्रोफेसर पराशर उभे होते. कुठले प्रोफेसर, ते कुणी विचारलं नव्हतं.

"मित्रहो, इथे नारळ फोडायचा नाही! इथे पाया पडायचं नाही! मी बुवा नाही, बाबा नाही. मी विज्ञानाचा साधा सेवक. आक्काबाईंच्या बोटातून आपण रक्ताचा एक थेंब घेतला आणि या यंत्रात सोडला. हे यंत्र काय करतं? गुरुत्वाकर्षण काढून टाकतं! जे वर अंतराळात आहे, ते इथे, बेलापूर रोडला! गुरुत्व नाही म्हणून वजन नाही. वजन नाही म्हणून भार नाही. भार नाही म्हणून रोग नाही. मग पेशी काय करते?"

"वाढती!" सगळे एका सुरात ओरडले. पाढे पाठ व्हावेत तसं लोकांना ते पाठ झालं होतं. माझ्या वर्गात पाढे मात्र कुणाचेच पाठ नसतात.

"आणि हे मी म्हणत नाही. अमेरिका म्हणते!"

प्रोफेसरांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं वर्तमानपत्राचं एक कात्रण काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. चौकटीला झेंडूचा हार होता. नारळ चालत नव्हता, हार चालत होता.

मग 'रोपण' झालं. दम्यानं आणि छातीच्या दुखण्यानं जेरीला आलेल्या आक्काबाईंना फिरत्या स्टुलावर बसवून तीन गिरक्या दिल्या, गुरुत्व उतरावं म्हणून. मग बाकड्यावर झोपवलं. बरणीतून निघालेली तांब्याची तार त्यांच्या छातीवर पट्टीनं चिकटवली. प्रोफेसरांनी बरणी थांबवली, निळ्या बाटलीतले 'संजीवन बिंदू' आत सोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. गोळा एकदा आकसला. दुसऱ्यांदा जरा सावकाश. मग फुलला तो फुललेलाच राहिला.

"गेलं! नवं हृदय आत गेलं!"

बायका रडायला लागल्या. आक्काबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "लई हलकं वाटाया लागलंय बया." प्रोफेसरांनी निपचित गोळा चिमट्यानं उचलून लोकांना दाखवला. "हे आता नुसतं टरफल. दाणा आत गेला!"

मी मोझेस साळवे. देवळाली प्रवऱ्यात हायस्कूलला गणित शिकवतो. त्या गर्दीत आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं होती, मुसलमान होते, मराठे होते, माळी होते. एरवी ज्यांना एका विहिरीवर पाणी भरायला जड जातं, ती सगळी तिथं खांद्याला खांदा लावून उभी होती. फसायला माणसं अशी एकत्र येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण माझा जीव तुटत होता तो उत्तमरावांसाठी.

उत्तमराव भालेराव माझे शेजारी. साखर कारखान्यात पॅनमन म्हणून, पाकातून साखरेचा दाणा पाडण्यात, उभा जन्म काढला. छप्पन्न साली ते सोळा वर्षांचे होते. वडिलांनी धम्म घेतला आणि घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून प्रवरेत सोडले. ते गाठोडं धरून पाण्यात उतरलेला पोरगा म्हणजे हे उत्तमराव. त्यानंतर त्यांनी ना अंगारा लावला, ना गंडा बांधला, ना कुणा बुवाच्या दारात पाय ठेवला. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की हे काठी घेऊन जायचे. म्हणायचे, "माज्याशी बोल म्हनावं तिला, काय पायजे ती."

असा माणूस त्या शेडमध्ये पहिल्या रांगेत बसला होता. आणि त्यांच्या मांडीला टेकून त्यांची नात वृषाली बसली होती. आठवीतली पोर, माझ्या वर्गातली. ओठ निळसर, पाय सुजलेले. बरणीत पुढचा गोळा तिचा लागणार होता.

वृषालीला सातव्या वर्षी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले आणि त्या तापानं हृदयाची एक झडप धरली. झडप आखडली. तो ताप परत येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन लागायचं, शिवाय रोजच्या गोळ्या. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नळीतून फुगा घालून झडप उघडता येईल, छाती फाडायची गरज नाही. जूनमध्ये या, म्हणाले होते. आणि मे महिन्यात हे प्रोफेसर उगवले. त्यांची एकच अट होती: बाहेरचं औषध बंद. औषधानं म्हणे बीज जळतं.

उत्तमरावांनी इंजेक्शन बंद केलं. गोळ्या बंद केल्या. पुण्याची तारीख सोडून दिली.

मी त्यांच्याशी भांडलो नाही असं नाही. ओट्यावर बसून तासन्‌तास भांडलो.

"उत्तमराव, तुम्ही? तुम्ही फसलात?"

"फसाया त्यो काय बुवा हाय का, सर? लिंबू हाय का तितं? धूप हाय का? काच हाय, मोटर हाय, ईज हाय. आन पेपरात आलंय त्ये तुमी सोता वाचलंय का न्हाई?"

मी वाचलं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. कात्रण खोटं नव्हतं. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी फिरत्या भांड्यात हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या, आणि त्या पेशींचा इवलासा तुकडा आपणहून धडधडला होता. खोट्याला खऱ्याची फोडणी दिली की त्याचा वास भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

"आन तुमाला सांगतो सर," उत्तमराव पुढं सरसावले. त्यांच्या डोळ्यांत मला काळजी दिसत होती, पण तिच्याही वर एक चमक होती. "ह्ये काम माजं हाय. आमी साकर कशी करायचो? पाकात बारीक दाना सोडायचा. मग त्यो घट पाक मोट्या हौदात सावकास फिरवत ठिवायचा. फिरवला न्हाई तर दाना तळाला बसतो, आन बसला की वाडत न्हाई. फिरवत ठिवला की त्यो पाक पिऊन पिऊन मोटा व्हतो. मी काचेच्या पट्टीवर घिऊन बगायचो, आज एवडा, उंद्या एवडा. तसंच तितं हाय. पैल्या खेपंला वृषीचं काळीज तुरीएवडं हुतं, आता बोराएवडं झालंय. माज्या डोळ्यांनी बगितलं."

मी गणिताचा माणूस. त्यांनी आपल्या हातांनी हजारो पोती साखर पिकवली होती, आणि त्याच हातांच्या खात्रीवर ते पोरीला पणाला लावत होते. बुवानं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाकलला असता. प्रोफेसरांनी मात्र त्यांच्याच धंद्याची गोष्ट त्यांना सांगितली.

ऑगस्टमध्ये वृषालीला पुन्हा ताप आला. रात्री तिला आडवं झोपवेना, भिंतीला टेकून बसायची. तिचा बाप चेतन टेम्पोवर बाहेरगावी आणि घरात आबांच्या, म्हणजे उत्तमरावांच्या, शब्दापुढं कुणाचा शब्द चालत नव्हता. शेवटी मी एसटीडी बूथवरून प्रज्ञाला फोन लावला. प्रज्ञा म्हणजे उत्तमरावांची मुलगी, वृषालीची आत्या. संगमनेरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी तिला जे पाहिलं ते सगळं सांगितलं. शेवटी तिनं दोन प्रश्न विचारले.

"सर, तो गोळा बरणीत मधोमध तरंगतो, का काचेवरून घरंगळतो?"

"घरंगळतो. कपडे धुवायच्या मशिनीतल्या चड्डीसारखा."

"आणि थांबायच्या आधी तो काहीतरी टाकतो आत?"

"निळ्या बाटलीतले थेंब."

"येते मी," ती म्हणाली.

आली ती सरळ वृषालीजवळ गेली. तिच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो लवकर भरलाच नाही. प्रज्ञानं तिच्या पायावर चादर ओढली आणि बाहेर येऊन बापासमोर उभी राहिली.

"आबा, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"परवा रोपन हाय तिचं. येवडं झालं की ने कुटंबी."

"आबा, ते बेडकाचं काळीज आहे."

उत्तमराव हसले. खरं सांगतो, हसले. "तू कालिजात बेडकं फाडती म्हनून तुला समदीकडं बेडूकच दिसतंय."

"साखरेचा दाणा वाढतो, कारण पाकात साखर असते. मिठाच्या पाण्यात पोरीचं काळीज कुठून येईल, आबा?"

ते जागचे हलले नाहीत. बापलेकीची ती ओढाताण दोन दिवस चालली. वृषाली ऐकत होती सगळं. शेवटी तिनंच तोड काढली. धापा टाकत म्हणाली, "आत्याला संगं घ्या ना आबा. तिला दिसंल तरी." उत्तमरावांनी मान हलवली, पण बजावलं, "डोळ्यांनी बग. तमाशा करू नको. न्हाईतर माझं तोंड बगू नको."

रोपणाच्या दिवशी गुऱ्हाळापुढं ट्रॅक्टर, लुना, बैलगाड्या अशी जत्रा लागली होती. लहान मुलीचं रोपण म्हणून गर्दी दुप्पट. प्रज्ञा साधी साडी नेसून आली होती, खांद्याला पिशवी. प्रोफेसरांनी विचारलं, "आपण?"

"मी मुलीची आत्या. सायन्स शिकवते."

"वा! सायन्सची माणसं आली पाहिजेत! मित्रहो, बघा, कॉलेजची प्राध्यापिका आपलं संशोधन पाहायला आली!"

मग नेहमीचं सगळं झालं. गिरक्या दिल्यावर वृषाली स्टुलावरून खाली कोसळायचीच बाकी होती, मी धरली. तिला बाकड्यावर निजवता येईना, दम लागला. बसवूनच तार चिकटवली. बरणीत बोराएवढा गोळा जोमात उडत होता. निळ्या बाटलीतले थेंब पडले. गोळा मंदावला, फुलला, थांबला.

"गेलं! आत गेलं!"

टाळ्या पडल्या. कडूबाईनं कडाकडा बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. प्रोफेसरांनी चिमट्यानं गोळा वर धरला. "आणि हे टरफल!"

"सर, ते टरफल मला द्याल? मुलांना वर्गात दाखवीन म्हणते," प्रज्ञा अगदी नम्रपणे म्हणाली.

दोनशे माणसांसमोर विज्ञानाची प्राध्यापिका हात पुढं करून उभी, नाही कसं म्हणणार? प्रोफेसर मोठ्या मनानं हसले आणि गोळा तिच्या वाटीत टाकला. प्रज्ञानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वाटीत ओतली, हलवून ओतून दिली, पुन्हा नवं पाणी घेतलं, पुन्हा ओतलं. भांडं विसळावं तसं तिचं चाललं होतं. तिसऱ्यांदा पाणी भरून तिनं वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जरा इकडं बघा सगळे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गोळ्याच्या एका कडेला बारीक थरथर आली. मग तो आकसला. मग उडायला लागला, मघासारखाच.

प्रज्ञा बोलायला लागली. "हे काळीज पोरीच्या छातीत गेलं होतं ना? मग वाटीत कसं आलं? हे बेडकाचं आहे. बेडूक मेला तरी त्याचं काळीज मिठाच्या पाण्यात कितीतरी वेळ उडत राहतं. निळ्या बाटलीत पोटॅश आहे, तुम्ही उसाला टाकता तोच. पोटॅश लागला की काळीज थांबतं. धुवून काढला की परत सुरू होतं. पहिल्या खेपेला लहान बेडूक, पुढच्या खेपेला मोठा. एवढंच आहे हे."

मला वाटलं, झालं. आता लोक हसतील, त्या माणसाची धिंड काढतील. मी माणसांना फारच कमी ओळखतो.

प्रोफेसरांच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि असा टाहो फोडला की पत्रे दणाणले. "काय केलंस तू, बाई! पोरीच्या छातीतून बाहेर ओढलंस! जे आत गेलं होतं ते तू पाण्यात खेचलंस! मित्रहो, वाटीत जे उडतंय ते या मुलीचं हृदय आहे! ते आता थांबलं तर मुलगी संपली!"

आणि लोकांनी ते मानलं. डोळ्यांसमोर उघडं पडलेलं असताना मानलं. "अगं ए, टवळे, काय केलं ह्ये!" कुणीतरी ओरडलं. आक्काबाईंनी आपली छाती दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, कुणी त्यांचंही काढून नेईल म्हणून. दोघंतिघं प्रज्ञाच्या अंगावर धावली. मी आडवा आलो तर माझा चष्मा गेला. वृषाली सगळं पाहत होती. तिची मान घामानं भिजली होती आणि ती एक-एक श्वास तोंडानं ओढत होती.

"आबा," प्रज्ञा ओरडली, "आबा, तुमी सांगा आता! तिची नाडी धरा. आणि त्या बाटलीतले थेंब तुमच्या हातानं वाटीत टाका. माझ्या हातानं नको, मी टाकले तर कुणी मानणार न्हाई. ते जर तिचं असंल तर तिची नाडी थांबंल. न्हाई थांबली तर समजा काय ते."

"टाकू नका!" प्रोफेसर गरजले. "आजोबा, नातीचा खून कराल!"

गर्दी बाजूला झाली. उत्तमराव वृषालीजवळ गेले आणि तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात निळी बाटली. मी आयुष्यात अनेक माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण तसं नाही. त्यांचं निम्मं मन अजून त्या बरणीवर होतं. त्यांच्या लेखी त्या क्षणी वाटीत खरंच नातीचा जीव होता आणि ते त्यात विष ओतणार होते. उभ्या आयुष्यात कुठल्या देवाला न भ्यालेला तो माणूस त्या वाटीला भीत होता.

"आबा, टाका," वृषाली म्हणाली. "मला लई दम लागलाय. काय करायचं त्ये लवकर करा."

त्यांनी टाकले. थेंब नव्हे, बाटलीच उपडी केली.

गोळा दोनदा आकसला आणि थांबला. उत्तमरावांनी डोळे गच्च मिटले होते, बोटं मनगटावर. मग त्यांच्या तोंडून हळूहळू शब्द बाहेर पडले, नाडीबरोबर. "हाय... हाय... हाय... हाय."

आणि ते तिच्या पायाशी बसले. मनगट सोडलं नाही. "चाललीय. हिची चाललीय," म्हणत लहान पोरासारखे रडायला लागले.

पुढचं पटापट झालं. कारभारी पाटील, ज्यांची ती शेड, आतापर्यंत खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "त्यांनी माज्याकडनं वंजळभर पोट्यास नेला हुता मागं. झाडाला टाकायचाय म्हनले." मग त्यांनी टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि ओलं गोणपाट वर केलं. डब्यातून चार पिवळे बेडूक टणाटण बाहेर पडले आणि त्यातला एक चौकटीच्या हाराखाली जाऊन बसला. एरवी मी पोट धरून हसलो असतो. प्रोफेसर मागच्या दारानं उसात पळाले. पुढं पोलिसांनी धरले तेव्हा कळलं की हे गृहस्थ शाळा-कॉलेजांना परीक्षानळ्या आणि जिवंत बेडूक पुरवायचे.

लोक पांगले. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. आक्काबाई तेवढ्या बाकड्यावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "सर, मंग माज्यात काय घातलं हो त्यानं? मला तर हलकं वाटलं हुतं." मी त्यांना सांगितलं, काही घातलेलं नाही, गोळ्या परत सुरू करा. त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या, पण त्यांना पटलं का नाही, देव जाणे.

वृषालीला त्याच दिवशी गावी परतलेल्या चेतनच्या टेम्पोत घालून नगरला आणि तिथून पुण्याला नेलं. इंजेक्शनं चुकली त्या महिन्यांत तो जुना ताप पुन्हा येऊन गेला होता. आता दुसरी झडपही गेली होती. फुग्यानं भागणार नव्हतं. छाती उघडून कृत्रिम झडप बसवायची, तीही फुप्फुसातलं पाणी उतरल्यावर.

तरुण सर्जन कागद घेऊन आले. "इथे सही करा."

"करतो," उत्तमराव म्हणाले. "पर आदी सांगा. झडप कशाची हाय? बसती कशी? अशी किती पोरं वाचत्यात, आन वाचत न्हाईत ती का वाचत न्हाईत?"

सर्जननी घड्याळाकडं पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाटेच्या कडेला बसले आणि त्याच कागदाच्या पाठीवर हृदय काढून दाखवलं. रक्त कुठून येतं, कुठं अडतं, सगळं. या अवस्थेतली दहातली दोन-तीन दगावतात, असं स्वच्छ सांगितलं. उत्तमराव ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आन जूनमदी आनली असती तर?"

"तर ही वेळ आली नसती," डॉक्टर म्हणाले.

उत्तमरावांनी सही केली. नंतर ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. मी हे आज लिहितो आहे, दवाखान्याच्या बाकावर बसून, आणि मुद्दाम आज लिहितो आहे. गावाकडं अजून दोन तट आहेत. वृषाली वाचली तर एक तट म्हणेल, प्रोफेसरांचं नवं काळीज थोडंफार आत गेलं होतं म्हणून वाचली. गेली तर दुसरा म्हणेल, आत्यानं ते ओढून काढलं म्हणून गेली. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. पण ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, हे मला आजच माहीत आहे, आणि उद्याचा निकाल कळायच्या आधी ते लिहून ठेवायला हवं.

अमेरिकेतल्या त्या फिरत्या भांड्यात उंदराच्या पेशी आहेत. भांडं फिरत राहतं म्हणून त्या सारख्या खाली पडत असूनही तळाला टेकत नाहीत, अंतराळातल्यासारख्या अधांतरी राहतात आणि एकमेकींना धरून वाढतात. वाढून वाढून होतो नखाएवढा पातळ तुकडा. तो कुणाच्या छातीत बसवलेला नाही, आणि ज्यांनी तो वाढवला ते स्वतःच तसं सांगतात. कदाचित आपल्या नातवंडांच्या काळात त्यातून काही औषध निघेल. त्याची वाट पाहावी, त्याचा आनंदही मानावा. पण जो माणूस म्हणतो की ते आजच, इथंच, रस्त्याच्या कडेला तयार आहे, आणि त्यासाठी हातातलं औषध टाकून द्या, त्याला विचारा: कशावरून? कुणी तपासलं? मला ते धुवून बघू द्याल का? तो भगवा घालो नाहीतर पांढरा कोट, मंत्र म्हणो नाहीतर इंग्रजी बोलो. त्याचा वेश पाहू नका, त्याचं उत्तर पाहा. जो रागावतो, त्याच्यापासून लेकरू उचला आणि चालू लागा. हे प्रश्न आम्हा मास्तरांनाही विचारा आणि डॉक्टरांनाही. खरा माणूस खाटेच्या कडेला बसून सांगेल.

आत्ता वृषाली उशांना टेकून झोपली आहे. उत्तमराव तिच्या शेजारी बसले आहेत. तिचं मनगट त्यांच्या हातात आहे.